घरटी पाच

५ जानेवारी

आज कारण नसताना मटार आठवले. मी आठ वर्षांची असेन, ताई चौदाची. शनिवारची अर्धी शाळा संपवून आम्ही दोघी घराच्या पायरीवर मटार सोलत बसलो होतो. मधे आईची वेताची टोपली. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून एखादी शेंग उचलायचा. शिंपीकाका दोन उचलायचे, कारण त्यांचा हात कात्रीवर बसलेला होता आणि उघडायला वेळ लागायचा नाही. पोस्टमन, समोरच्या घरातली तिन्ही मुलं, दूधवाल्याची बायको. सोलून झाल्यावर आईने टोपलीत बघितलं आणि म्हणाली, "किलोभर आणले होते ते हेच का?" ताई म्हणाली, "आई, गल्लीने खाल्ले." आम्हा दोघींनाही धपाटा मिळाला. तिचा जोरात आणि माझा हळू.

कारण नसताना म्हणते, पण कारण होतं. आज नगररचना कार्यालयात साहेबांनी माझ्यापुढे आमच्या ओळीची फाइल ठेवली. ओळ म्हणजे चौसष्ट बैठी घरं, प्रत्येकाला पुढे एक दगडी पायरी, मागे हातभर अंगण. एकूण जागा दोन पूर्णांक सहा हेक्टर. शहराच्या नव्या आराखड्यात तिचं काय करायचं, याचे तीन पर्याय आहेत. एक, आहे तशी ठेवून डागडुजी. दोन, सगळ्या जागेवर चार मजली इमारती, लिफ्टसह. तीन, एका कोपऱ्यात चौदा मजल्यांचे दोन मनोरे आणि उरलेल्या जागेत बाग. तिन्हींचा तौलनिक अहवाल आणि शिफारस मी लिहायची.

साहेबांनी विचारलं, "तुमचं कुणी राहतं का तिथे?"

"बहीण. मीही तिथलीच. लग्न होईपर्यंत."

"मग फायलीत तसं लिहून ठेवा. सही माझी आहे, पण उद्या कुणी बोट दाखवायला नको."

लिहून दिलं. मी जूनअखेर निवृत्त होते आहे. शेवटचं काम आपल्या घराचं निघावं, याला काय म्हणावं ते कळत नाही.

९ जानेवारी

पाहणीचे तक्ते भरले. घरोघरी जाऊन माणसं मोजायची असतात. मी साहेबांना सांगितलं, ही ओळ मला पाठ आहे, जायची गरज नाही. तेहतीस वर्षांपूर्वी हीच पाहणी मी नवी असताना केली होती. पॅड गळ्यात अडकवून चौसष्ट दारं वाजवली होती आणि चौसष्ट ठिकाणी पाणी प्यायले होते. सरासरी निघाली होती पाच. तीच तेव्हापासून प्रत्येक आराखड्यात आहे.

आज टेबलाशी बसून एकेक घर डोळ्यांपुढे आणलं. क्रमांक एक, शिंपी. क्रमांक दोन, बँकेतले कारकून आणि त्यांच्या मुली. क्रमांक सतरा, आम्ही. तासाभरात तक्ता पूर्ण. अक्षर छान आलं. कॉन्व्हेंटमधल्या भूगोलाच्या सिस्टर म्हणायच्या, समास दोन बोटं सोडा, कागदाला श्वास घ्यायला जागा हवी. अजून सोडते.

१८ जानेवारी, रविवार

ताईकडे गेले. आता ती एकटीच असते तिथे. आई-बाबांना जाऊन खूप वर्षं झाली, दादा समुद्रापार गेला तो तिकडचाच झाला. ताईने लग्न केलं नाही. टेलिफोनच्या ऑफिसात तेवीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिले. मग यंत्रं आली आणि तिला लवकर घरी बसवलं.

पायरीवर बसून चहा घेतला. दगड अजून मधोमध खोलगट आहे, बरोबर आमच्या दोघींच्या मापाचा. मला या शहरात एवढीच एक जागा आहे जिथे बसल्यावर पाठ आपोआप सैल होते.

ताईचं घर मात्र हल्ली अस्ताव्यस्त असतं. फोन चक्क जमिनीवर, पलंगाच्या पायाशी. मी उचलून टेबलावर ठेवला. ती म्हणाली, "राहू दे गं तिथेच, वायर पुरत नाही." वायर चांगली पुरत होती. न्हाणीघराच्या दारापासून पलंगापर्यंत भिंतीला एक जाड दोरी बांधली आहे. कपडे वाळवायला असेल, पण एवढी खाली? हाताला कोपरापाशी हिरवट-निळा डाग होता. विचारलं तर म्हणाली, "नळ लागला." ती लहानपणापासून धांदरट.

मी फायलीचं सांगितलं. तिने फार काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "लिफ्ट बंद पडली की आतला माणूस काय करतो?"

"घंटा वाजवतो. कुणी तरी येतं."

"येतं ना नक्की?"

बिचारी घाबरली असावी. मी तिला म्हटलं, "काळजी करू नकोस ताई. मी आहे ना. ओळीला हात लागू देणार नाही."

ती कपबशी उचलून आत गेली.

२ फेब्रुवारी

तक्ते जोडले. चौसष्ट घरं, घरटी पाच, तीनशे वीस माणसं. हेक्टरी एकशे तेवीस. आमच्या कार्यालयात शंभर ही रेघ धरतात. तिच्यावर वस्ती असली की बस, दवाखाना, प्राथमिक शाळा चालवणं परवडतं. तिच्याखाली गेली की हळूहळू एकेक गोष्ट काढून घेतात. एकशे तेवीस म्हणजे ओळ आपल्या पायावर उभी आहे. पर्याय एक टिकतो.

दुपारी आकडेवाला येऊन माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसला. हा आमच्याकडे सांख्यिकीचं काम बघतो. पन्नाशीचा, टक्कल, खिशात कायम दोन पेन्सिली. आम्ही वीस वर्षं एकमेकांना टोमणे मारतो आहोत.

"बाई, चौसष्टच्या चौसष्ट घरांत पाचच माणसं? एकाही घरात सून आली नाही? कुणी मेलं नाही?"

"सरासरी आहे ती."

"सरासरी शेवटी काढतात. तुम्ही ती आधीच वाढून ठेवलीत."

"तुम्हाला काय म्हणायचंय ते सरळ म्हणा."

"कचऱ्याची गाडी तिथे आठवड्यातून एकदा जाते. तीही अर्धी रिकामी येते. तीनशे वीस माणसं काय हवा खाऊन राहतात?"

मी म्हटलं, काटकसरीची माणसं आहेत. तो हसला. पेन्सिल कानामागे खोचून गेला. राग आला. त्याला जन्मभर माणसांपेक्षा आकडे जवळचे.

११ फेब्रुवारी

अहवालाचा कच्चा मसुदा झाला. पर्याय एकची बाजू मांडताना लेखणी आपोआप धावली. घराचं दार थेट रस्त्यावर उघडतं, त्यामुळे रस्ता घराचाच भाग होतो. म्हाताऱ्यांवर येता-जाता नजर राहते. पोरं कुणाच्याही पायरीवर जेवतात. जिना नाही, लिफ्ट नाही, हाक मारली की ओ येते.

साहेबांनी वाचून मान डोलवली. "मॅडम, हे तर वाचायला घेतलं आणि संपलंच. एवढं छान सरकारी लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं."

फार बरं वाटलं. घरी येऊन पुन्हा एकदा वाचलं. दाखवायला कुणी नव्हतं, म्हणून मोठ्याने वाचलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

जाताना बाजारातून किलोभर मटार घेतले. ताईला म्हटलं, चल, पायरीवर बसून सोलू. तिने माळ्यावरून आईची टोपली काढायला सांगितली. आताशा ती स्टुलावर चढत नाही.

छान ऊन होतं. तासभर सोलले. मी तिला शिंपीकाकांच्या दोन शेंगांची आठवण करून दिली, ती हसली. शिंपीकाका गेले, आता त्यांचा मुलगा दुकान चालवतो. त्यालाही आम्ही शिंपीच म्हणतो. समोरच्या घराला कुलूप होतं. बाहेरगावी गेले असतील. बाजूच्यालाही होतं.

सोलून झाल्यावर ताईने टोपली मांडीवर घेतली, दाणे हाताने सारखे केले आणि म्हणाली, "बघ धाकटे. आज एकही शेंग कमी झाली नाही."

"चांगलंच की. दोन दिवस पुरतील तुला."

"चार पुरतील," ती म्हणाली.

निघताना तिने माझा हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरला. म्हणाली, "तुला इथे बसायला आवडतं ना?" मी म्हटलं, "म्हणजे काय, ताई! त्यासाठी तर सगळं चाललंय." ती म्हणाली, "हो ना. मग ठीक आहे."

३ मार्च

आकडेवाल्याने हद्द केली. साहेबांना सांगून स्वतः ओळीत गेला. दोन दिवस, दार ते दार. आज माझ्यापुढे कागद ठेवला.

चौसष्ट घरं. त्यातली एकोणीस बंद. उघड्या पंचेचाळीस घरांत मिळून त्र्याऐंशी माणसं. हेक्टरी बत्तीस.

मी म्हटलं, "बंद घरं सुट्टीला येणाऱ्यांची आहेत."

"कुठल्या सुट्टीला, बाई? एका कुलपाला मी हात लावला तर ते गंजून माझ्या हातात आलं. परत लावून आलो."

"तुम्ही मला न सांगता गेलात."

"सांगितलं असतं तर तुम्ही बरोबर आला असतात. आणि प्रत्येक दाराशी मला सांगितलं असतंत की आत कोण आहे." मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "बाई, शाळेत पहिलीला चार मुलं आहेत. बस जूनपासून बंद करायचं चाललंय. तुम्ही 'आहे तशी ठेवा' लिहिताय. ती आहे तशी राहिलेलीच नाही."

मी त्याला सांगितलं की माझ्या टेबलावर बसू नका. वीस वर्षांत पहिल्यांदा.

४ मार्च

रजा टाकली. डोकं दुखतं आहे.

७ मार्च, शनिवार

पॅड घेऊन स्वतः गेले. गळ्यात अडकवायची दोरी मिळाली नाही, हातातच धरलं.

क्रमांक एक, शिंपी आणि त्याची बायको. दोन. मुलगी लग्न होऊन गेली. क्रमांक दोन, बँकेतल्या कारकुनांची बायको. एक. मला ओळखलं नाही, मग ओळखलं, मग पाणी दिलं आणि तासभर सोडलं नाही. क्रमांक तीन बंद. चार बंद. पाच, एक. सहाव्या दाराशी कडी वाजवली आणि आतून कुत्रं भुंकलं. कुत्र्याला रकाना नाही. दहाव्या घरानंतर लक्षात आलं की मी दार वाजवून आतून कोण येईल ते आधीच मनात म्हणते आहे, आणि उघडणारं माणूस वेगळंच आहे, किंवा तेच आहे पण त्याच्यामागे कुणी नाही.

सतरा क्रमांक मुद्दाम शेवटी ठेवला. ताईने दार उघडलं, पॅड बघितलं आणि ताठ उभी राहिली. "या पाहणीवाल्या बाई. बसा."

"ताई, चेष्टा नको. घरात माणसं किती?"

"एक."

"कामधंदा?"

"निवृत्त. फोन जोडायचे लोकांचे. आता माझा कुणी जोडत नाही."

"जवळचं वस्तीचं घर किती अंतरावर?" हा प्रश्न तक्त्यात आहे. आग लागल्यास वगैरे उपयोगी पडावा म्हणून कुणी तरी कधी तरी घातलेला.

ताईने दाराबाहेर ओळीकडे बघितलं. मग म्हणाली, "धावून येईल असं? पंधरा घरं सोडून शिंपी. हाक पोचत नाही. मोजलंय मी."

"कधी मोजलंस?"

"जानेवारीत. न्हाणीच्या दारात पडले. सकाळी आठला. दीड वाजता शिंपी ब्लाउज द्यायला आला, त्याने उचललं."

मी पॅडवर काही लिहिलं नाही.

"मला का नाही कळवलंस?"

"फोन टेबलावर होता." मग हसून म्हणाली, "नंतर तुला काय सांगायचं? तू दर रविवारी येऊन या दगडावर अशी बसतेस, जणू आई आत भाजी चिरतेय. म्हटलं, हिचं एवढं एक आहे, ते कशाला मोडा. नाही तर मी कधीच बाजाराजवळ खोली घेतली असती. लिफ्टची. खाली गलका असणारी."

"मला वाटलं तुला घर सोडवत नाही."

"आणि मला वाटलं तुला."

मग तिने विचारलं, "पाहणीवाल्या बाई, तुमच्या घरी माणसं किती?"

"एक," मी म्हटलं.

"हं. लिहा."

चहा झाला. पायरीवर नाही, आत. दोरीला हात लावून बघितला. घट्ट बांधली आहे, गाठ शिंप्याची असावी.

१२ मार्च

भूगोलाच्या सिस्टर चुकलेला आकडा खोडू द्यायच्या नाहीत. एक सरळ रेघ मारायची, चुकीचं वाचता आलं पाहिजे, वर बरोबर लिहायचं आणि बाजूला सही करायची. लपवलेली चूक दोनदा होते, असं म्हणायच्या. तक्त्यात तीनशे वीसवर रेघ मारली. वर त्र्याऐंशी. सही. एकशे तेवीसवर रेघ. वर बत्तीस. सही. दोन्ही ठिकाणी समास होता, बरं झालं.

आकडेवाल्याला सांगितलं, बसा टेबलावर. तो म्हणाला, खुर्ची आहे की. बसला मात्र टेबलावरच.

दोघांनी मिळून उरलेले दोन पर्याय तपासले. दोन्हींत घरं तितकीच, दोनशे साठ. घरटी दोन धरली (आता दोनच धरतो), तरी पाचशे वीस माणसं, हेक्टरी दोनशे. शाळा चालेल, बस राहील. फरक उंचीचा. मनोऱ्यांत बाग मिळते, उजेड जास्त, नकाशा देखणा. चार मजल्यांत मोकळी जागा कमी, घरं जवळजवळ, भांडणं होणार.

आकडेवाला म्हणाला, "बाई, मला विचाराल तर मनोरे. दिसायला सुटसुटीत."

मी त्याला आमच्याच इमारतीत जिन्याने चौथ्या मजल्यावर पाठवलं आणि खाली रस्त्यावरून हाक मारली. खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "काय?" मग शेजारच्या उंच इमारतीत लिफ्टने चौदाव्यावर पाठवलं. तिथून त्याने हात हलवला. हाक मारत होता की जांभई देत होता, ते कळलं नाही.

खाली आल्यावर टक्कल पुसत म्हणाला, "हे नियमावलीत कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं."

"मग लिहा," तो म्हणाला.

शिफारस : पर्याय दोन. तळमजला वयस्कांसाठी राखीव, प्रत्येक जिन्याच्या तोंडाशी बाक, येणारा-जाणारा बाकासमोरूनच जाईल असा.

साहेबांनी वाचून चष्मा काढला. "मॅडम, महिन्याभरापूर्वी तुम्हीच मला पायरीचं लिहून पटवलं होतं."

"तेव्हा मोजलं नव्हतं, साहेब."

८ एप्रिल

हरकतींची सुनावणी. ओळीतून अकरा जण आले. बहुतेकांनी विचारलं, कधी. एकट्या शिंप्याने हरकत घेतली. उभा राहिला, टोपी हातात चुरगळत म्हणाला, "लिफ्ट द्याल, बाक द्याल. पण माझा बाप ज्या पायरीवर बसून काजं करायचा, ती जाईल ना?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "जाईल."

"मग तेवढं लिहून घ्या. बाकी माझं काही म्हणणं नाही."

लिहून घेतलं. इतिवृत्तात त्याचं वाक्य जसंच्या तसं घातलं. सहायकाने विचारलं, याला उत्तर काय लिहू? उत्तराचा रकाना कोरा ठेवायला सांगितला.

३० जून

आज शेवटचा दिवस झाला. चहा, हार, भाषण. आकडेवाल्याने भाषणात सांगितलं की बाईंनी मला एकदा चौदा मजले चढवले. लिफ्ट होती, हे त्याने सांगितलं नाही.

ओळीला वरून मंजुरी यायला दोन वर्षं तरी लागतील. ताईने तोवर थांबायला नकार दिला. माझ्याकडे चल म्हटलं, तर म्हणाली, "तुझ्या सातव्या मजल्यावर? तिथे माझ्याहून जास्त शुकशुकाट." बाजाराजवळ तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. पुढे लांब सामाईक गॅलरी, अकरा दारं. मागच्या रविवारी हलवलं. सतराव्या घराचं काय कुणाला, ते ताईने सांगितलं आणि मी लिहून घेतलं. विसरायला नको म्हणून इथेही, आणि माझंही त्यातच.

लोखंडी कपाट शिंप्याला. त्याच्या बायकोला ते पूर्वीपासून आवडतं, असं ताईचं म्हणणं. शिंपी म्हणतो तिने कधी पाहिलंच नाही. दोघांत ठरवावं.

न्हाणीची दोरी बँकेतल्या बाईंना. गाठ शिंपीच मारून देईल. फोन जमिनीवर ठेवायला त्यांना सांगावं, कारण विचारलं तर सांगावं.

पायरीचा दगड ओळ पाडताना शिंप्याला विचारल्याशिवाय उचलू नये. त्याचाही, आमचाही.

दादाला त्याची शाळेची पेटी पाठवू नये, फक्त आत काय होतं ते पत्रात लिहावं. ते मी लिहीन.

माझ्या टेबलातली रंगीत पेन्सिलींची डबी आणि पितळी मोजपट्टी आकडेवाल्याला. त्याला रंग कळत नाहीत, पण डबीवर बसणार नाही अशी आशा.

पाहणीचे दोन्ही तक्ते, तेहतीस वर्षांपूर्वीचा आणि यंदाचा, दफ्तरखान्यात एकाच पाकिटात. रेघ मारलेले आकडे पुसू नयेत.

माझ्या घराची दुसरी किल्ली ताईकडे, तिच्या घराची माझ्याकडे आणि तिसरी गॅलरीतल्या पहिल्या दाराला. तिथे राहणाऱ्या नर्सबाईंनी स्वतःहून मागितली.

आईची वेताची टोपली ताईला. गॅलरीत, दाराबाहेर ठेवावी. भाजीवाल्याला सांगून ठेवलं आहे, रविवारचे मटार आता दोन किलो लागतील. एक पुरला नाही.